पोटखराबातलं पाकट: राजापूरच्या एका सड्यावरची बांधकामपूर्व पाहणी

सातबाऱ्यावर त्या जमिनीबद्दल एकच शब्द होता, पोटखराब, म्हणजे लागवडीला निरुपयोगी. राजापूर तालुक्यातला जांभ्याचा सडा, म्हणजे उघड्या कातळाचं पठार, क्षेत्र ३८ एकर, ११ खातेदारांकडून दोन वर्षांत तुकड्यातुकड्यांनी घेतलेलं. तिथे आंब्याचा पल्प काढायचा कारखाना, शीतगृह, पॅकिंगची शेड आणि ट्रक उभे करायचं आवार होणार होतं. उद्योजक शेजारच्याच गावचे. त्यांचं नाव मी देत नाही, आणि गावाचंही देत नाही, कारण त्या कातळावर जे सापडलं त्याला अजून राखण नाही.

बांधकामाआधीच्या पुरातत्त्वीय पाहणीसाठी मला बोलावणं आलं ऑक्टोबर २०२३मध्ये. कायद्याने मला बोलावणं भाग नव्हतं. २००६च्या पर्यावरणीय अधिसूचनेत ज्या प्रकल्पांची यादी आहे, त्यांना अर्जातच सांगावं लागतं की १५ किलोमीटरच्या आत सांस्कृतिक मूल्यासाठी संरक्षित अशी जागा आहे का. आंब्याचा पल्प त्या यादीत नाही, आणि बांधकाम २०,००० चौरस मीटरच्या आत असल्यामुळे इमारतींचं कलमही लागत नव्हतं. प्राचीन स्मारकांचा १९५८चा केंद्रीय कायदा स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामाला बंदी घालतो आणि पुढचे २०० मीटर नियंत्रणाखाली ठेवतो, पण ते केंद्राने संरक्षित म्हणून घोषित केलेल्या स्मारकांपुरतं. राज्याचा १९६०चा कायदाही राज्याने घोषित केलेल्याच स्मारकांना सांभाळतो. जे कुणी पाहिलंच नाही ते घोषित कसं होणार? फ्रान्समध्ये २००१पासून कायदाच आहे की मोठं बांधकाम करणाऱ्याने आधीच्या पुरातत्त्वीय तपासणीसाठी पैसे भरायचे. आपल्याकडे तपासणी होते ती कुणाच्या तरी मनात आलं म्हणून.

इथे मनात आलं ते बारसूमुळे. कोकणातल्या कातळशिल्पांची नऊ ठिकाणं २०२२मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. त्यातली सात रत्नागिरी जिल्ह्यात, एक सिंधुदुर्गात कुडोपीला, एक गोव्यात. बारसू त्या सातांतलं. त्याच बारसूच्या सड्यावर एप्रिल २०२३मध्ये रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं, बायामाणसं रस्त्यावर आडवी झाली, आणि कातळावरची चित्रं घराघरात टीव्हीवर दिसली. उद्योजकांच्या पुतण्याने विचार केला की उद्या आपलंही काम कुणी अडवलं तर हातात कागद असावा. त्यांना हवा होता एक निरंक दाखला, म्हणजे इथे काहीही सापडलं नाही असा.

कातळशिल्प म्हणजे काय, हे कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात. लेण्यांत असतात तशी ही भिंतीवरची शिल्पं नाहीत. सड्याच्या आडव्या, उघड्या कातळावर दोनतीन सेंटिमीटर खोल चर मारून काढलेल्या या आकृती आहेत. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात कितीतरी प्राणी कोरलेले आहेत. रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी २०१२च्या सुमारास सडे पालथे घालायला सुरुवात केली, आणि गेल्या काही वर्षांत हजाराहून जास्त आकृती नोंदल्या गेल्या. त्यांची पद्धत साधी होती: गावात जायचं, गुरं राखणाऱ्याला विचारायचं. मी ती पद्धत जाणत होते, तरी पहिल्या फेरीत तिच्याकडे पुरतं लक्ष दिलं नाही.

ऑक्टोबरातलं गवत

पाच-पाच मीटरांवर ओळी धरून चालायचं ठरवलं तर ३८ एकरांत, म्हणजे सुमारे १५ हेक्टरांत, ३० किलोमीटर चालणं होतं. आम्ही तिघं होतो. दोन दिवसांत फेरी पुरी झाली आणि काही म्हणजे काही दिसलं नाही. गुडघाभर गवत. ज्या सड्याला दूरवरून लोक काळा कातळ म्हणतात, तो पावसाळ्यानंतर दोनतीन महिने कुरणच असतो. पाऊस सुरू झाला की कोकण दीपकाडी फुलते, मग गेंद, मग सीतेची आसवं, आणि या सगळ्यावर शेवटी गवत चढतं. ड्रोन उडवला, त्यालाही गवतच दिसलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गुरं परतवणारे एक आजोबा आमच्याकडे बघत उभे राहिले. मी विचारलं, इथे कुठे कातळावर चित्रं आहेत का? ते म्हणाले, "हायत ना. पांडवांची. पन आता काय दिसनार बाय? गवत मरू दे. शिमग्याच्या आदी ये."

मी अहवालात लिहिलं: गवतामुळे पाहणी अपूर्ण, जानेवारीत पुन्हा करणं आवश्यक, तोवर दाखला देता येत नाही. पुतण्याला ते आवडलं नाही. ड्रोनची छायाचित्रं आहेत, नकाशा आहे, दोन दिवसांचं मानधन दिलंय, मग अपूर्ण कसलं? त्याच्या जागी राहून पाहिलं तर प्रश्न रास्त होता. पण माझ्या मते सड्यावरच्या पाहणीच्या अहवालात पहिल्या ओळीत महिना लिहिणं सक्तीचं असावं. ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात "काहीही आढळले नाही" असं लिहिणाऱ्याने गवत पाहिलेलं असतं, जमीन पाहिलेली नसते.

रस्ता

डिसेंबरात पोचरस्त्याचं काम सुरू झालं. ग्रामीण रस्त्यापासून प्लॉटपर्यंत ३०० मीटर, शेजारच्या खातेदाराच्या जमिनीतून संमतिपत्र घेऊन. तो तुकडा ३८ एकरांत मोडत नव्हता. पाहणीची हद्द मला नकाशावर लाल रेघेने आखून दिली होती आणि मी ती रेघ मानली. रस्ता कुठून येणार, विजेचे खांब कुठे पडणार, पाण्याची लाइन कुठून जाणार, भरावाला दगड कुठून काढणार, कामगारांच्या झोपड्या कुठे पडणार, यातलं काहीही मी विचारलं नाही. ठेकेदाराने त्याचं काम केलं. कातळाला जिथे उंचवटा होता तिथे पोकलेनला ब्रेकर लावून तो फोडला, तोच माल रस्त्यात पसरला, वरून रोलर फिरवला.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी पोचले तेव्हा गवत कापून भारे उडव्यांना लागले होते. सडा मोकळा होता. आजोबांना सकाळीच गाठलं. ते प्लॉटच्या दिशेने न जाता सरळ नव्या रस्त्याकडे चालू लागले. रस्त्याच्या कडेला थांबले, पायाकडे बघितलं, आणि बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "हितं वाघरू व्हतं."

मागचे दोन पाय, शेपटी आणि पाठीची अर्धी रेघ, एवढं शिल्लक होतं. जिथे खांदे आणि डोकं असणार तिथे रस्त्याची कड. शेपटीच्या टोकापासून तुटलेल्या कडेपर्यंत १ मीटर ४० सेंटिमीटर भरलं. आम्ही दोन दिवस रस्त्याच्या बाजूपट्टीतला दगड चाळला. चर असलेले तीन तुकडे मिळाले, त्यातला सर्वांत मोठा तळहाताएवढा. बाकीचं रोलरखाली गेलं. तो प्राणी वाघच होता का, हे आता आजोबांच्या आठवणीवर आहे. लहानपणी ते त्या चित्रावर बसून भाकरी खात.

या प्रकरणातली ही एकमेव भरून न येणारी हानी, आणि ती कारखान्याच्या भिंतीने केलेली नाही. ती झाली एका जोडकामाने, ज्याला कुणी प्रकल्पाचा भागच धरलं नव्हतं. त्यानंतर मी पहिल्या भेटीतच कामाचा सगळा पसारा मागते आणि लाल रेघ स्वतः आखते.

सव्वासात ते साडेआठ

जानेवारीत आम्ही सहा दिवस राहिलो. कातळशिल्प दिसणं हा उजेडाचा खेळ आहे. ऊन तिरपं असतं तेव्हा चराच्या एका काठाची सावली पडते आणि आकृती वर येते. नऊ वाजले की सावली सरते आणि तोच कातळ कोरा होतो. एका दुपारी ज्या जागी बसून आम्ही डबे खाल्ले, तिथेच दुसऱ्या दिवशी सकाळी सात वीसला हरणाचे चार पाय माझ्यासमोर उभे होते. म्हणून दिवसाचे खरे कामाचे तास दोनच, एक सूर्योदयानंतरचा, एक सूर्यास्ताआधीचा. मधल्या वेळात मोजमापं, रेखाटनं आणि गावात बसून ऐकणं. अंधार पडल्यावर टॉर्च जमिनीलगत धरून चारी बाजूंनी फोटो घेतले. चरातली माती खराट्याने हलकेच झाडली, तारेचा ब्रश लावला नाही. फोटोत उठून दिसावं म्हणून चरात चुना किंवा रांगोळी भरायची सवय अनेकांना असते. तो चुना पुढच्या पावसात दगडात मुरतो. कृपा करून तसं करू नका.

एकूण नऊ आकृती नोंदल्या. पश्चिमेला जुन्या पायवाटेजवळ चार: दोन मासे, एक आडव्याउभ्या रेघांची चौकट, आणि एक मोठं पानासारखं काहीतरी, त्याला लांब देठ. मधोमध, बरोबर जिथे ट्रकचं आवार आखलं होतं तिथे, तीन: दोन हरणं आणि कमरेखालचा माणूस, पावलं बाहेर वळलेली. पूर्वेला एक पक्षी आणि रस्त्याने अर्धा खाल्लेला तो प्राणी.

त्या पानाला मी वहीत "अनोळखी वनस्पती" असं लिहिलं होतं. आमच्या गाडीचा चालक मुसाकाझी बंदराच्या बाजूचा, घरात पिढ्यान्पिढ्या मासेमारी. तो कंटाळून कातळावर आला, एकदा गोल फिरला आणि म्हणाला, "ताई, हे पान कुठलं? हे पाकट आहे. ही त्याची शेपटी, हा काटा. पाकट उलटं टाकलं की असंच दिसतं." पाकट म्हणजे लांब शेपटीचा, चपट्या अंगाचा समुद्रातला मासा. मी रेखाटन फिरवून धरलं. शेपटीच्या मध्यावर एक बारीक तिरकी रेघ होती. ती मी कातळाची भेग समजून सोडून दिली होती. टॉर्च लावून पाहिलं तर तीही कोरलेलीच होती. समुद्रापासून काही किलोमीटर आत, सड्यावर बसून ज्या कुणी ते पाकट काढलं, तो त्याचा काटाही विसरला नव्हता.

पाचव्या दिवशी हरणांपासून पंधरा पावलांवर गारगोटीच्या नखाएवढ्या चिपा दिसल्या. दगडी हत्यार घडवताना उडतात तशा. त्या जागीच ठेवून त्यांची नोंद घेतली. या चिपांचं महत्त्व उद्योजकांना समजावून सांगणं मला चित्रांपेक्षा अवघड गेलं. कोरलेल्या रेघेचा काळ कार्बनने काढता येत नाही, कारण त्या रेघेत जळलेलं, कुजलेलं, सजीवाचं असं काहीच उरलेलं नसतं. काळ सांगेल ते आजूबाजूचंच काही: हत्यारं, त्यांच्या चिपा, खळग्यातली माती. चित्राला चिकटून भिंत घातली तर चित्र वाचतं आणि त्याचा साक्षीदार जातो.

बैठका

पहिली बैठक शीतगृहाच्या जोत्याच्या आखणीवरच झाली. उद्योजक स्वतः आले होते. त्यांनी अहवाल शेवटपर्यंत वाचला होता, हे मला सांगितलंच पाहिजे. त्यांचा पहिला प्रश्न सगळेच विचारतात तो: ही चित्रं कापून म्युझियममध्ये नेता येणार नाहीत का? खर्च मी करतो.

मी त्यांना नागार्जुनकोंडाचं सांगितलं. धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या खोऱ्यात १९५४ ते १९६० उत्खनन झालं आणि निवडक वास्तू उचलून टेकडीवर पुन्हा उभारल्या. ती टेकडी आता जलाशयातलं बेट आहे. पण तिथे बांधलेल्या वास्तू होत्या, वीट वेगळी करता येत होती. जांभ्याचा वरचा थर कठीण आणि खालचा मऊ, सच्छिद्र. म्हणूनच तर चिरे निघतात. अडीच मीटरचं पाकट एका तुकड्यात कापून उचलायचं म्हटलं तर खालून ढासळणारच. मग पोर्तुगालमधल्या कोआ खोऱ्याचं सांगितलं: उघड्या खडकांवरची अश्मयुगीन कोरीव चित्रं बुडणार म्हणून १९९५मध्ये तिथलं बांधकाम चालू असलेलं धरण थांबवलं, आणि १९९८मध्ये ती जागा जागतिक वारसा झाली. ते शांतपणे म्हणाले, "तिथे सरकार होतं, ताई. इथे माझ्या नावावर बँकेचं कर्ज आहे. एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत पल्पचा हंगाम. तो हुकला की वर्ष गेलं."

माझ्याकडे याला उत्तर नव्हतं. कायद्याचा आधार नव्हता, आणि त्यांचं नुकसान खरं होतं. रत्नागिरीच्या राज्य पुरातत्त्व कार्यालयात मी अहवाल दिला आणि सड्याची नोंद झाली, पण नोंद म्हणजे संरक्षण होत नाही.

गाडं हललं ते फेब्रुवारीत, देवळात. शिमग्याची गावबैठक होती. गावकार, म्हणजे गावाचे परंपरेने चालत आलेले प्रमुख, आणि मानकऱ्यांनी उद्योजकांना बोलावलं होतं, कारण वेगळंच. पालखी एका वाडीतून दुसऱ्या वाडीत जाते ती सड्यावरून. वाटेत राखणदाराचा, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाचा, एक दगड आहे, तिथे ती टेकते, गाऱ्हाणं होतं. ट्रकच्या आवाराची भिंत ती वाट तोडत होती. गावकार एवढंच म्हणाले, "वाट सोडा, मग कारखाना करा. आमची ना नाय." राखणदाराचा दगड त्या कमरेखालच्या माणसापासून वीस पावलांवर आहे.

मी तिथेच उठून नकाशा पसरला. पालखीची वाट आणि तिच्या दोन्ही अंगांना थोडी जागा सोडली तर मधली तीनही चित्रं, चिपांची जागा आणि पश्चिमेचा गट आपोआप मोकळा राहतो, हे पेन्सिलने दाखवलं. पालखीची वाट आणि चित्रं एकाच काळातली, असं मी म्हणाले नाही, आजही म्हणत नाही. सड्यावर चालायला सोपी, पाणी न साचणारी जागा तेव्हाही तीच होती आणि आजही तीच आहे, एवढंच फार तर म्हणता येईल. माझ्या काही सहकाऱ्यांना हे पटलं नाही. पुरातत्त्वाचा मुद्दा पुरातत्त्वाच्या बळावरच मांडायला हवा होता, देवाच्या आडून नव्हे, असं त्यांचं म्हणणं. मी वेगळं मानते. तो सडा पोटखराब नाही, वापरातला आहे, हे माझा अहवाल १४ पानांत सांगत होता आणि गावकारांनी एका वाक्यात सांगितलं. दोन्ही म्हणणी एकच होती.

जे केलं ते

ट्रकचं आवार काटकोनात वळवून नैर्ऋत्येला नेलं. साडेचार एकर मोकळे सुटले. २०२४चा हंगाम हुकला तो हुकलाच. हीच पाहणी खरेदीखताआधी, निदान बिनशेतीच्या अर्जाआधी झाली असती तर आराखडा पहिल्यापासून तसाच निघाला असता आणि हे नुकसान झालं नसतं, हे मी उद्योजकांच्या बाजूने ठामपणे सांगते.

चित्रांभोवती पाया न खणता सुट्या चिऱ्यांचा गुडघाभर गडगा घातला. लोखंडी खांब नाहीत, सिमेंट नाही. मोकळ्या जागेपासून ५० मीटरच्या आत ब्रेकर लावायचा नाही, चिरे कापायचं यंत्रच वापरायचं, असं ठेकेदाराच्या करारात घातलं. पाण्याच्या लाइनचा चर रद्द करून पाइप जमिनीवरूनच नेला. विजेचे दोन खांब सरकवले.

सगळ्यात जास्त डोकं पाण्यावर घालवलं. पल्पच्या कारखान्यातलं धुण्याचं पाणी आंबट असतं, आणि छपरांवरून येणारा पावसाचा लोंढा आधी कातळावर पसरून जात होता त्यापेक्षा कितीतरी जोराने एका जागी पडतो. पाहणीच्या अहवालात इमारती कुठे असाव्यात हे सगळे लिहितात. त्या इमारतींचं पाणी कुठे जाईल हे लिहायला हवं. आम्ही उताराचे टप्पे मोजले, आणि गटाराचं तोंड चित्रांच्या खालच्या अंगाला काढायला लावलं. ग्रामसभेने ठराव करून साडेचार एकरांची जागा नोंदवली. त्या वाघराचे तीन तुकडे ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवले आहेत, प्रत्येकावर कुठे सापडला त्याची चिठ्ठी.

जुलै २०२४मध्ये मी मुद्दाम भर पावसात गेले. पाकट पाण्याने भरलं होतं, कोरलेल्या रेघांत पाणी उभं आणि मधला कातळ ओला काळा. ऊन नसताना इतकं स्पष्ट ते मी कधी पाहिलं नव्हतं. आजोबा छत्री घेऊन सोबत होते. त्यांनीच दाखवलं की पॅकिंग शेडच्या एका पन्हळीचं पाणी आखणी सोडून पूर्वेच्या पक्ष्याकडे येत होतं. आठवड्यात ते वळवून घेतलं. रस्त्याकडचं अर्धं चित्र मात्र तुटलेल्या कडेने झिजतंय. ब्रेकरने खिळखिळा झालेला तो काठ पावसात सुटतो. जानेवारीत १ मीटर ४० होतं ते जुलैत १ मीटर ३८ भरलं. कडेला चिऱ्यांचा आधार द्यायला रस्त्याकडून अर्धा मीटर जागा लागणार आहे. त्यासाठी शेजारच्या खातेदाराशी बोलणं चालू आहे.